‘पोएट्स’ची पहिली टर्म
साहित्य किंवा इतिहास शिकून अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलमध्ये आलेल्यांना तिथे थट्टेनं ‘पोएट्स’ म्हणतात. हार्वर्डनं २०१४ मध्ये मूलभूत तयारीसाठी ‘कोअर’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम काढला. त्यात विषय तीनच : आकडेवारीचं विश्लेषण, अर्थशास्त्र आणि हिशेब. निवड अचूक आहे. आपल्याकडचे बी.ए.वाले मात्र एमबीए-प्रवेशाच्या सीईटीचे २०० प्रश्न १५० मिनिटांत उडवायचा सराव करतात आणि तयारी झाली असं समजतात. त्या क्लृप्त्या परीक्षा-केंद्राबाहेर फारशा चालत नाहीत. ८० रुपयांची वस्तू १००ला विकली, तर शाळेच्या गणितात नफा २५ टक्के, कारण तो खरेदीवर काढायचा. कंपनीच्या भाषेत मार्जिन २० टक्के, कारण ते विक्रीवर. नवखे अडखळतात ते बरेचदा अशा ठिकाणी, अवघड गणितापाशी नव्हे. म्हणून वर्ग सुरू होण्याआधीचे दोन महिने बारावी कॉमर्सचं बुक-कीपिंग, प्रमाण विचलन आणि एक्सेल यांना द्यावेत. बालभारतीचं पुस्तक (पीडीएफ फुकट मिळते!) सुरुवातीला महागड्या कोर्सपेक्षा बरं. गृहकर्जाच्या हप्त्यांचं कोष्टक एक्सेलमध्ये एकदा स्वतः मांडलं, की सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा वाटा व्याजातच का जातो, तेही दिसतं.