बीड आपले, आकडे उसने

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घराघरांत पोचवला; साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने नांगर आणि डिझेल इंजिने घडवली. सांगली-साताऱ्यात ओतकाम असे मुरलेले आहे. भट्टीतला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस किती तापला हे इथे डोळ्यांत तेल घालून पाहतात. पुठ्ठ्याच्या नळीचे टोक रसात बुडवले की काही सेकंदांत 1400 अंशांच्या आसपासचा आकडा उमटतो आणि जळलेले टोक फेकून देतात. पण तोच रस साच्यात निवताना उष्णता कशी सोडतो, हे मोजण्याची सोय लहान फाउंड्रीच्या आवाक्यात नाही. मग निवताना जादा रस पुरवणारा रायझर केवढा ठेवायचा, पोकळी कुठे पडेल, हे संगणकावर पाहताना सॉफ्टवेअरमधले तयार आकडेच घ्यावे लागतात.

हे आकडे उसने घेऊन भागत नाही. शुद्ध लोखंडाची उष्णतावाहकता खोलीच्या तापमानाला साधारण 80 वॅट प्रति मीटर-केल्विन असते, ती 700 अंशांपुढे निम्म्याहूनही खाली येते. 770 अंशांजवळ लोखंडाचे चुंबकत्व जाते, तिथे विशिष्ट उष्मा एकदम उसळतो. बिडात तर ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखे आहे की गोळ्यांसारखे, यावर वाहकता बदलते. आणि ग्रॅफाइटचे हे रूप भंगारात काय आले, ओतीव किती जाड आहे, यावरही अवलंबून असते. मोजण्याची रीत 1961 पासून ठाऊक आहे: दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकतीच्या एका बाजूवर प्रकाशाचा क्षणिक झोत सोडायचा आणि मागची बाजू तापायला किती वेळ लागतो ते पाहायचे. तेच भट्टीत, वाढत्या तापमानांवर, पुन्हा पुन्हा.

अनुभवी मिस्त्रीची नजर पुरेशी आहे, असे म्हटले जाईल. ती नजर मोलाचीच, पण रसाची चमक पृष्ठभागावरच्या मळीनेही बदलते आणि निवण्याचा वेग डोळ्यांना दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळ्यात मोठी चूक धातूच्या आकड्यांत नसून वाळू आणि धातू यांच्यामधून उष्णता किती जाते, या अंदाजात असते. ते खरे आहे, म्हणून आपली वाळूही मोजली पाहिजे. खर्च एकट्या कारखानदाराला झेपणार नाही, पण सांगलीचे वालचंद महाविद्यालय 1947 चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 चे. दोघांपैकी एकाच्या आवारात फाउंड्र्यांच्या वर्गणीतून आणि सरकारी मदतीने सामाईक प्रयोगशाळा उभी राहू शकते. सुरुवात इथे रोज ओतल्या जाणाऱ्या चार-पाच प्रतींच्या बिडापासून करावी आणि तक्ते सर्वांना खुले ठेवावेत.