खोड नव्हे, दुखणे

बारा-तेरा वर्षे घरात वावरलेले मांजर. पिल्लू असताना चार दिवसांत मातीच्या घमेल्यात जायला शिकलेले आणि त्यानंतर कधी न चुकलेले. एके सकाळी गादीवर ओला डाग दिसतो. मग पायपुसण्यावर, सोफ्याच्या कोपऱ्यात, कधी देव्हाऱ्याजवळ. पहिल्या दिवशी घरातले हसतात, आठव्या दिवशी चिडतात. फिनाईलची बाटली येते, मांजराचे नाक डागावर घासले जाते, रात्री त्याला गॅलरीत कोंडले जाते. महिनाभराने ‘पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून या’ असा सल्ला कोणीतरी देतोच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हणही ऐकवली जाते. पण जी सवय तेरा वर्षे नव्हती, ती चौदाव्या वर्षी लागली तर तिला खोड म्हणता येत नाही. अशा वेळी पहिला संशय दुखण्याचाच घ्यायला हवा.

मांजर सूड उगवण्यासाठी लघवी करते, हा समज जुना आणि चुकीचा आहे. मांजर दुखणे लपवते, हे मात्र खरे. ते कण्हत नाही, लंगडतेही क्वचितच. त्यामुळे जागा सोडून केलेली लघवी हीच अनेकदा घरच्यांच्या नजरेत भरणारी पहिली खूण असते. ती नीट पाहिली, तर पुष्कळ काही कळते.

डबके मोठे असेल आणि पाण्याचे भांडे लवकर रिकामे होत असेल, तर शरीरात लघवीच जास्त तयार होते आहे. घरच्या मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातली रानमांजरे. थोड्या पाण्यात भागवायचे आणि लघवी दाट करायची, ही त्यांच्या मूत्रपिंडांची ताकद. उतारवयात मूत्रपिंडे थकतात, ही ताकद ओसरते, लघवी पातळ आणि भरपूर होते. दहा वर्षांपुढच्या मांजरांत हा विकार फार आढळतो. मूत्रपिंडांची सुमारे दोन तृतीयांश क्षमता गेल्यावर लघवी पातळ होऊ लागते. रक्तातले क्रिएटिनिन त्याहूनही उशिरा वाढते. म्हणून नुसते रक्त तपासून भागत नाही, लघवीचा दाटपणाही पाहावा लागतो. मधुमेहातही तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. भूक चांगली असूनही मांजर वाळत चालले असेल, तर मधुमेहाबरोबर थायरॉइडचीही तपासणी हवी.

डबके घमेल्याच्या अगदी शेजारी असेल, तर पायांकडे पाहावे. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांपुढच्या 100 मांजरांची क्ष-किरण छायाचित्रे तपासली, तेव्हा त्यांतल्या 90 मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. ज्याला उंच काठ ओलांडताना गुडघा दुखतो, ते मांजर घमेल्यापर्यंत येते आणि बाहेरच बसते. त्याची इच्छा असते, पाय साथ देत नाहीत.

थेंबथेंब लघवी, वारंवार बसणे, बसल्यावर ओरडणे, लघवीत लाली ही मूत्राशयाच्या त्रासाची लक्षणे. बोका पुन्हा पुन्हा जोर करतो आणि थेंबही येत नाही, तेव्हा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये; एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. भिंतीला पाठ करून, शेपटी उभी थरथरवत उडवलेली चिळकांडी वेगळी. ती हद्द आखण्याची रीत असते. घरात नवे मांजर किंवा नवे माणूस आले की ती सुरू होऊ शकते. रात्री दिशाहीन फिरणे, विनाकारण ओरडणे आणि घमेल्याची जागाच विसरणे ही म्हातारपणीच्या विस्मरणाची चिन्हे. माणसाला होते तसे मांजरालाही होते.

यातले नेमके काय, हे घरबसल्या ठरत नाही. लघवी, रक्त, रक्तदाब आणि गरज पडल्यास सोनोग्राफी एवढ्या तपासण्या पशुवैद्यकाकडे होतात. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर येथील सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही जनावरांवर उपचार होतात. जाताना डाग कुठे, केवढा, दिवसातून कितीदा, हे लिहून न्यावे. मोबाइलवर चित्रफीत असेल तर उत्तमच.

दोन चुका मात्र कटाक्षाने टाळाव्यात. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडणे ही पहिली. थकलेल्या मूत्रपिंडांना पाणी जास्त लागते, ते तोडले तर मांजर झपाट्याने खालावते. दुसरी चूक घरातल्या औषधांच्या डब्याची. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात अपुरी असते. याच कारणाने फिनाईलसारखी द्रव्येही त्याला घातक ठरतात. फरशीवरून पंजावर आणि पंजावरून जिभेवर, असा त्यांचा प्रवास होतो.

उपचार सुरू असताना घरात थोडे बदल करावे लागतात. घमेले मोठे आणि एका बाजूने बुटके असावे, रोज साफ व्हावे, सुवासिक वाळू नसावी. जेवणाच्या भांड्यापासून ते दूर, पण मांजर जिथे झोपते त्याच्या जवळ ठेवावे. घर दुमजली असेल तर प्रत्येक मजल्यावर एक. मांजरे जितकी, त्याहून एक घमेले जास्त, हा पशुवैद्यकांचा नेहमीचा हिशेब. विसराळू मांजरासाठी रात्री मंद दिवा लावावा. डाग आधी टिपून घ्यावा, मग एन्झाइमयुक्त द्रव वापरावे. नुसत्या साबणाने वास दबतो, जात नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत तो परत येतो आणि मांजराला पुन्हा तीच जागा दाखवतो. अमोनिया असलेले द्रव तर टाळावेच, त्याचा वास लघवीशी जुळतो.

दोन खोल्यांच्या घरात, रांगते मूल किंवा अंथरुणावरचे वडीलधारे माणूस असताना, हा वास सोसणे सोपे नसते. तपासण्यांना पैसे लागतात. घर सांभाळणाऱ्या बाईच्या वाट्याला रोजची चादर धुणे येते, हेही विसरता कामा नये. तिची चीड समजण्यासारखी आहे. पण ती चीड शमवण्याचा जवळचा मार्गही निदानाचाच आहे. मधुमेह आणि थायरॉइड औषधांनी आटोक्यात येतात, सांधेदुखी कमी करता येते, मूत्रपिंडाचा विकार बरा होत नसला तरी आहार आणि पाण्याच्या नियोजनाने मांजराला चांगले दिवस मिळू शकतात. काहीच उपाय उरला नाही, तर शांत मरणाचा निर्णयही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घेता येतो.

सोडून देणे हा मात्र पर्याय नव्हे. आयुष्यभर घरात वाढलेल्या म्हाताऱ्या मांजराला बाजारात ना शिकार जमते, ना भांडण. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे आज चहा-नाश्त्याइतका. कायद्याचा धाक एवढाच असेल, तर राखण माणसाच्या सदसद्विवेकालाच करावी लागते.

ज्याने तेरा वर्षे घरातला उंदीर आणि घरातल्यांचा एकटेपणा दूर ठेवला, त्याच्या गादीवरच्या डागाची शिक्षा ठरवण्याआधी त्या डागाची तपासणी व्हावी. इतके तर त्याचे देणे लागतेच.