रेडिओचं घड्याळ आणि माझे सोळा मार्क

आपल्याकडे केटी लागायला हजार कारणं असतात. कोणाला पेपर टफ जातो, कोणाचा अभ्यासच झालेला नसतो, कोणाला 'चेकिंग स्ट्रिक्ट' असतं. माझी केटी घड्याळामुळे लागली. हसू नका, पुढे वाचा.

माझा मामा जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी करतो. गेल्या जूनमध्ये आला तेव्हा त्याने मला मनगटी घड्याळ दिलं. काट्यांचं, सौर, वर रेडिओवर चालणारं! म्हणाला, "अरे, याला हात लावायचाच नाही. सेल बदलायचा नाही, वेळ लावायची नाही. सगळं आपोआप." मी ई अँड टीसीचा विद्यार्थी, त्यामुळे 'आपोआप' म्हणजे कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. इतकं महागाचं घड्याळ हॉस्टेलवर जाईल चोरीला, म्हणून मी ते ट्रंकेत, शर्टांच्या घडीत ठेवून दिलं. पार डिसेंबरपर्यंत.

पेपरच्या आदल्या रात्री ते बाहेर काढलं, कारण हॉलमध्ये मोबाईल चालत नाही, स्मार्टवॉचही चालत नाही. काटे बंद होते. टेबललॅम्पखाली ठेवल्यावर फिरू लागले. मोबाईल बघून वेळ लावली. सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांनी उड्या मारत होता. मला वाटलं, काय स्टाइल आहे!

पेपर दहा ते एक. थंडी होती, घड्याळ स्वेटरच्या बाहीखाली. मधे एकदा पाहिलं, बारा वाजून पाच मिनिटं. म्हटलं, अजून पंचावन्न मिनिटं आहेत, डेरिव्हेशन नीट लिहू. बऱ्याच वेळाने पुन्हा पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं! तेवढ्यात सुपरवायझर म्हणाले, "शेवटची दहा मिनिटं." सोळा मार्कांचा एक प्रश्न आख्खा राहिला. तो मला येत होता, याचंच जास्त वाईट वाटतं. निकाल लागला: अडतीस. पासिंग चाळीसला.

त्यानंतर मी ते काम केलं जे आधी करायला हवं होतं. डब्यातलं माहितीपत्रक वाचलं. पहिल्या काही पानांतच लिहिलं होतं की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांनी चालू लागला तर चार्ज संपत आला आहे, घड्याळ उजेडात ठेवा. म्हणजे घड्याळ बिचारं मला रात्रभर सांगत होतं. मला त्याची भाषा येत नव्हती.

आता मुद्द्याची गोष्ट. या घड्याळात स्वतःची अशी अचूक वेळ नसतेच. आत साधं क्वार्ट्झ असतं, महिन्याला पंधरा-एक सेकंद इकडेतिकडे होणारं. अचूक वेळ असते दूरच्या केंद्रातल्या अणुघड्याळात. फ्रांकफुर्टजवळ माइनफ्लिंगेनला डीसीएफ ७७ नावाचं केंद्र आहे, ७७.५ किलोहर्ट्झवर चालतं. दर सेकंदाला त्याच्या लहरीची ताकद क्षणभर खाली येते. ०.१ सेकंद खाली आली तर शून्य, ०.२ सेकंद आली तर एक. एका मिनिटात वार, तारीख, वेळ सगळं येतं. आपण कम्युनिकेशनच्या लॅबमध्ये जे मॉड्युलेशन 'कधी कामाला येणार' म्हणून शिकतो, ते मामाच्या मनगटावर रोज रात्री चालू असतं. ब्रिटन आणि अमेरिकेची केंद्रं ६० किलोहर्ट्झवर, चीनचं ६८.५ वर, जपानची दोन, ४० आणि ६० वर. माझं घड्याळ ही सहाही पकडतं.

आपल्याकडे मात्र मनगटी घड्याळांसाठी असं एकही दीर्घलहरी केंद्र नाही. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अणुघड्याळांवर राखली जाते. पूर्वी तिची 'एटीए' ही लघुलहरींवरची वेळसेवा होती, पण तीही आता नाही आणि ती या घड्याळांच्या कामाची नव्हतीच. पुण्यापासून माइनफ्लिंगेन साडेसहा हजार किलोमीटरहून लांब, चीनचं शांगछिऊ सुमारे साडेचार हजार. या केंद्रांचा भरवशाचा पल्ला दीड-दोन हजारांचा. त्यामुळे इथे शहर 'दिल्ली' लावलं की माझं घड्याळ सिग्नल शोधायचंच बंद करतं. जर्मनीत जे राजा, ते इथे साधं क्वार्ट्झ.

माझ्या रूममेटला हे पटलं नाही. त्याने मोबाईलवर एक ॲप टाकलं. त्यात म्हणे १३.३३ किलोहर्ट्झचा आवाज काढतात आणि त्याची तिसरी हार्मोनिक ४० किलोहर्ट्झ, म्हणजे जपानचं केंद्र! घड्याळाला हेडफोनची वायर गुंडाळली, शहर टोकियो लावलं, ॲपमध्ये भारताची वेळ दिली. काही मिनिटांत काटे गर्रकन फिरले आणि आपली वेळ लागली. आम्ही टाळ्या पिटल्या. मग त्याने गंमत म्हणून दोन तास पुढची वेळ ऐकवली. घड्याळाने तीही तितक्याच विश्वासाने लावून घेतली. तेव्हा माझी ट्यूब पेटली. हे घड्याळ खरं-खोटं ओळखत नाही. जे ऐकवाल ते मानतं. त्याचा अचूकपणा त्याचा नाहीच, तिकडे अणुघड्याळ सांभाळणाऱ्या माणसांचा आहे.

म्हणून माझं मत असं की 'आपोआप' या शब्दावर इंजिनिअरने तरी लगेच विश्वास टाकू नये. आपोआप म्हणजे काळजी कोणीतरी दुसरा घेतो आहे. तो दुसरा कोण, कुठे, आणि आपल्यापर्यंत पोचतो का, एवढं आधी विचारावं.

कोणाकडे असं घड्याळ असेल तर माझ्या केटीचा फायदा घ्या. युरोपात, जपानात किंवा अमेरिकेत असाल तर आधी आपलं शहर बरोबर लावा. रात्री घड्याळ खिडकीत ठेवा, बाराचा आकडा बाहेरच्या दिशेला करून. फ्रीज, टीव्ही, कॉम्प्युटर आणि लोखंडी कपाटापासून लांब. सिग्नल घेत असताना हलवू नका. इथे असाल तर शहर दिल्ली लावा आणि महिन्यातून एकदा मोबाईलच्या नेटवर्क वेळेशी स्वतः जुळवा. दर आठवड्याला काही तास तोंड वर करून खिडकीच्या उजेडात ठेवा, पण तापलेल्या गाडीच्या काचेमागे नको. बाहीखाली आणि ट्रंकेत ते उपाशी राहतं. स्पीकरच्या चुंबकापासून जपा. कुठे आपटलं तर काट्यांची मूळ जागा तपासा, नाहीतर आतली वेळ बरोबर आणि काटे चुकीचे, असा घोळ होतो. आणि एवढं सगळं करायचं नसेल, परदेशी जायचंही नसेल, तर नुसत्या 'रेडिओ' शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका.

मोबाईल असताना एवढा उपद्व्याप कशाला, असं कोणी विचारेल. त्यांनी एकदा मोबाईलशिवाय तीन तासांचा पेपर लिहून बघावा.

माझे बाबा अजून एचएमटी वापरतात. रोज सकाळी चहाआधी चावी देतात. मी लहान असताना आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टोल्यांवर ते वेळ जुळवायचे आणि मी त्यांना हसायचो. पण त्यांचं घड्याळ पेपरात बंद पडलं नसतं. कारण त्याला रोज चावी द्यावी लागते हे त्यांना पक्कं माहीत आहे. माझं घड्याळही रोज काहीतरी मागत होतं, फक्त मला ते ठाऊक नव्हतं.

या मे महिन्यात तोच पेपर पुन्हा आहे. घड्याळ आत्ता माझ्या खिडकीत ऊन खात पडलंय. सेकंदकाटा एकेक सेकंदानेच चालतोय, आत्ताच बघितला.

– टी.ई. (ई अँड टीसी)