बरोक हा शब्द परका नाही

“रेनेसाँ, मॅनरिझम, बरोक ही सगळी युरोपातली नावं. बोईसर-तारापूरच्या पोरांनी ती घोकून काय मिळवायचं?” नवापुरात चांगली शिकलेली माणसंही असं विचारतात. घोकून काही मिळत नाही, हे मान्य. पण या नावांशी आपला संबंध नाही, हे साफ चूक.

गार्सिया द ओर्टाचा औषधींवरचा पोर्तुगीज ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. गोल नसलेल्या, वेड्यावाकड्या मोत्यांसाठी त्यात ‘बारोक’ हाच शब्द आहे. पुढे अठराव्या शतकात युरोपातल्या टीकाकारांनी बेढब वाटणाऱ्या कलेला नावं ठेवायला तो उचलला. १८८८ मध्ये कलेतिहासकार व्योल्फ्लिनने त्यावर पुस्तक लिहिलं आणि शिवीची संज्ञा झाली. म्हणजे ज्या शब्दाला आपण परका म्हणतो, तो याच किनारपट्टीवरच्या छापखान्यातून गेलेला आहे.

याच्या उलट टोकाची माणसंही भेटतात. पडकी चर्च दिसली की ती ‘गॉथिक’ म्हणून मोकळी होतात. वसई किल्ल्यातल्या जेझुइट चर्चच्या दर्शनी भिंतीसमोर नीट उभं राहा. दाराची कमान गोल आहे. गॉथिक कमान टोकदार असते. बाजूच्या खांबांना उभ्या खाचा आहेत, माथ्यावर कोरलेली पानं आहेत. हा रोमन धाटणीचा, मोजूनमापून केलेला रेनेसाँ. बरोक पाहायचा तर जुन्या गोव्यात बॉम जेझूसच्या वेदीपाशी जावं लागतं. तिथले सोनेरी खांब दोर वळावा तसे पिळलेले आहेत. एवढा फरक डोळ्यांनी दिसत असताना सगळ्याला एकच नाव देणं हा आळस आहे.

“पण ही गुलामीची खूण नाही का?” हा आक्षेप मला सर्वांत पोकळ वाटतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत आपलं तारापूर पोर्तुगीजांकडून घेतलं गेलं, मग वसई. त्या विजयानंतर चर्चच्या घंटा मराठ्यांनी वितळवल्या नाहीत, देवळांत टांगल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर आजही मेरी आणि बाळ येशू दिसतात. जिंकणाऱ्यांना त्या चित्राची भीती वाटली नाही. आपल्याला नुसत्या शब्दांची का वाटावी?

शिक्षकांना एकच विनंती. हे शब्द फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना बोईसरहून लोकलने वसईला न्या. त्या दाराखाली उभं करा, खांबांच्या खाचांवरून हात फिरवू द्या. नाव त्यानंतर सांगा.