एक कोटी डॉलरचं शिंगरू आणि तेराशे डॉलरचा घोडा: 'होतकरू' नक्की कोणाला म्हणायचं?



मेलबर्नला नोकरी करणाऱ्या एका सबस्क्राइबरने विचारलं होतं, "सर, इथे रेसच्या एका होतकरू घोड्यात पाच टक्के शेअर मिळतोय. इन्व्हेस्टमेंट म्हणून घेऊ का?" व्हिडिओत या प्रश्नाला दोन मिनिटंच देता आली, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमचा घोड्यांशी काडीचा संबंध नसेल तरी वाचा. रेसवर पैसे लावण्याबद्दल मी बोलत नाहीये, तो आपला विषयच नाही. मी बोलतोय एका धंद्याबद्दल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑस्ट्रेलियातला रेसचा धंदा वरून जेवढा श्रीमंत दिसतो, तेवढा आतून मजबूत राहिलेला नाही. लवकर रिझल्ट हवा या हव्यासापायी तो आपलाच पाया पातळ करतोय.

वरचा झगमगाट

सिडनीच्या रोझहिल रेसकोर्सवर १९५७ पासून 'गोल्डन स्लिपर' होते. फक्त दोन वर्षांच्या घोड्यांची, १२०० मीटरची रेस. बक्षीस ५० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. या वयाच्या घोड्यांसाठी जगात याहून मोठं बक्षीस नाही. २०१७ ला सिडनीतच 'एव्हरेस्ट' सुरू झाली. तिची आयडिया भारी होती. बारा जागा, प्रत्येक जागेची किंमत सुरुवातीला ६ लाख डॉलर. जागा घेणाऱ्याकडे घोडा असलाच पाहिजे असं नाही, तो दुसऱ्याच्या घोडामालकाशी करार करू शकतो. पहिल्या वर्षी बक्षीस एक कोटी डॉलर होतं, आता ते दोन कोटींवर गेलंय.

मार्केटिंग म्हणून मी याला पैकीच्या पैकी मार्क देईन. पण मोठं बक्षीस म्हणजे निरोगी धंदा नव्हे. शोरूमला काच चकाचक लावली म्हणून मागचं गोडाऊन भरलेलं असतं असं थोडंच आहे?

होतकरू कोण, हे ठरवतं कोण?

तिथे घोडा साधारण दीड वर्षाचा असताना लिलावात विकला जातो. त्याच्या पाठीवर अजून जॉकी बसलेला नसतो. खरेदीदार बघतो आई-बाप, अंगकाठी, चाल आणि एक्स-रे. म्हणजे सॅम्पल न वापरता घेतलेला माल!

एप्रिल २०२४ मध्ये 'विंक्स' या महान घोडीचं पहिलं अपत्य सिडनीच्या लिलावात एक कोटी डॉलरला गेलं. आपल्या पैशात तेव्हाचे साधारण ५५ कोटी. आता खुद्द विंक्सचं बघा. तिला २०१३ मध्ये २ लाख ३० हजार डॉलरला घेतलं होतं. पहिल्या दहा रेसमध्ये तिने फक्त चार जिंकल्या. त्यानंतर सलग ३३ जिंकल्या! दहाव्या रेसनंतर कोणी तिच्यावरचा विश्वास काढून घेतला असता तर?

२०१३ मध्ये 'ब्लॅक कॅव्हियर'चा सावत्र भाऊ ५० लाख डॉलरला विकला गेला, तेव्हाचा तो देशातला विक्रम होता. बहीण २५ पैकी २५ रेस जिंकलेली. हा मात्र एकही रेस न पळता मेला.

आणि तिसरं उदाहरण माझ्या आवडीचं. 'टेकओव्हर टार्गेट' नावाचा घोडा. गुडघ्यांचा त्रास, वय चार वर्षं आणि तोवर एकही रेस पळलेला नाही. क्वीनबियन गावच्या ज्यो जानियाक या टॅक्सीवाल्याने तो १,३७५ डॉलरला घेतला आणि स्वतःच ट्रेन केला. त्या घोड्याने ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, जपान, सिंगापूर इथे रेस जिंकून साठ लाख डॉलरच्या वर कमावले.

यावरून 'स्वस्त ते चांगलं' असा अर्थ काढू नका. असे घोडे लाखात एक निघतात. माझा मुद्दा एवढाच आहे की 'होतकरू' हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडचा असतो. त्याचा खरेखोटेपणा पुढे खर्च करणाऱ्यालाच कळतो.

खरा नफा रेसमध्ये नाहीच

आता धंद्याचं मूळ गणित समजून घ्या. दोन-तीन वर्षांच्या नर घोड्याने एखादी मोठी रेस मारली की तो स्टड फार्मवर जातो. तिथे कृत्रिम रेतन चालत नाही, नियमच आहे. त्यामुळे प्रत्येक घोडीमागे त्याची फी लागते. समजा फी एक लाख डॉलर आणि सीझनला दीडशे घोड्या, तर किती झाले? दीड कोटी डॉलर, तेही एका सीझनचे. मग रेसमध्ये पळवून पाय मोडायची रिस्क कोण घेईल?

'शिंझो' या घोड्याने मार्च २०२३ मध्ये गोल्डन स्लिपर जिंकली. २०२४ च्या सीझनला तो स्टडवर होता. प्रेक्षकाने नाव लक्षात ठेवेपर्यंत हिरो रिटायर!

त्यात भर कॅलेंडरची. तिथे सगळ्या घोड्यांचा अधिकृत वाढदिवस १ ऑगस्ट. ऑगस्टमध्ये जन्मलेला आणि नोव्हेंबरच्या अखेरीस जन्मलेला, दोघे एकाच दिवशी 'दोन वर्षांचे' होतात. आपल्याकडे जूनमधली मुलं शाळेत घालताना आईवडील महिने मोजतात ना, तसंच. फरक इतकाच की इथे पणाला लागतात ते कोवळे पाय. बेताचा सराव लहान घोड्याच्या हाडांना मजबूत करतो असं संशोधन आहे, ते मला मान्य आहे. पण बेत घोड्याच्या शरीराने ठरवावा, बक्षिसाच्या तारखेने नव्हे.

पाया कुठे खचतोय?

एक, माल कमी होतोय. दोन दशकांपूर्वी ऑस्ट्रेलियात वर्षाला १७-१८ हजार थरोब्रेड शिंगरं जन्मायची, आता हा आकडा १३ हजारांच्या आसपास आलाय. बक्षिसं वाढतायत आणि पळणारे कमी होतायत.

दोन, पैसा एकाच नळाने येतो: बेटिंग. कोविडमध्ये लोक घरात अडकले आणि उलाढाल फुगली. लोक बाहेर पडले, उलाढाल उतरली. वाढवलेली बक्षिसं मात्र कमी करणं अवघड असतं. दिवाळीच्या विक्रीवर वर्षभराचा पगार ठरवणाऱ्या दुकानदाराची गत आठवा.

तीन, जमीन. रोझहिल रेसकोर्स पाच अब्ज डॉलरला सरकारला विकून तिथे घरं बांधायचा प्रस्ताव होता. मे २०२५ मध्ये क्लबच्या सभासदांनी तो मतदानाने फेटाळला. आपल्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या जागेचा वाद ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे नवं वाटणार नाही. शहराच्या मधोमध बसलेल्या धंद्याला शहर कधीतरी हिशेब विचारतंच.

चार, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर: विश्वास. २०१९ मध्ये तिथल्या एबीसी वाहिनीने रिटायर झालेले रेसचे घोडे कत्तलखान्यात जाताना दाखवले. देश हादरला. त्यानंतर रिटायर घोड्यांसाठी नियम आणि निधी वाढले, हे चांगलंच झालं. पण प्रश्न कॅमेरा आल्यावरच का सुटतो? जो घोडा 'होतकरू' म्हणून विकला आणि होतकरू निघाला नाही, त्याची जबाबदारी कोणाची, याचं उत्तर धंद्याने पहिल्या दिवशी द्यायला हवं होतं.

मग शेअर घ्यायचा का?

मेलबर्नच्या मित्राला माझं उत्तर: हौस म्हणून घ्या, इन्व्हेस्टमेंट म्हणून नको. शहरातल्या मोठ्या ट्रेनरचं बिल दिवसाला शंभर डॉलरच्या वर जातं. घोडा पळो वा आजारी पडो, मीटर चालूच. जिंकलाच तर बक्षिसातले १० टक्के ट्रेनरचे, ५ टक्के जॉकीचे, उरलेल्यात तुमचे पाच टक्के. बरेचसे घोडे स्वतःचा खर्चही काढत नाहीत. तरीही शनिवारी रेसकोर्सवर 'आपला घोडा' बघण्यात आनंद आहे, तर त्या आनंदाचं बजेट काढा, सहलीचं काढतो तसं. सही करण्याआधी दोनच प्रश्न विचारा: दर महिन्याला माझ्या खिशातून किती जाणार? आणि रेस थांबल्यावर हा घोडा कुठे राहणार? दुसऱ्याचं उत्तर लेखी मिळालं नाही तर उठून या.

तुमच्याकडेही 'होतकरू' असतील. नवीन लागलेला पोरगा, नवीन प्रॉडक्ट, नवीन शाखा. पहिल्या सहा महिन्यांच्या आकड्यावर त्याला डोक्यावर घेऊ नका आणि त्याच आकड्यावर त्याला बाहेरही काढू नका. पण एक हिशेब आजच करा: तो नाही चालला तर त्याचं काय करणार आहात?

कमेंटमध्ये लिहा. वाचतो मी सगळ्या.