सुटींतील उद्योग : विजेवर उडणारें विमान आणि घरचा खर्च

शाळांना मोठी सुटी लागली म्हणजे कित्येक घरांत एक हट्ट हमखास ऐकूं येतो : ‘आम्हांला खरेंखुरें उडणारें विमान हवें!’ हा हट्ट आम्हांस तरी गैर वाटत नाहीं. चार तास पडद्यापुढें बसून राहण्यापेक्षां मुलें फोमचे पत्रे कापूं लागलीं, वजनें करूं लागलीं, भागाकार मांडूं लागलीं, तर तो वेळ सत्कारणीं लागला असेंच आम्ही समजतों. प्रश्न उरतो तो पैशाचा आणि घरच्या सुरक्षिततेचा. त्या दोहोंविषयीं या खेपेस चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

रेडिओनें हांकलेल्या विजेच्या विमानाचें पहिलें नोंदलेलें उड्डाण ३० जून १९५७ रोजीं इंग्लंडांत झालें. कर्नल टॅप्लिन यांच्या त्या ‘रेडिओ क्वीन’ विमानांत रुपें व जस्त यांची बॅटरी होती. आज हा छंद मध्यम स्थितीच्या कुटुंबास झेपण्यासारखा झाला आहे, तो ब्रशलेस मोटर व लिथियम-पॉलिमर बॅटरी या दोन वस्तू स्वस्त झाल्यामुळें.

दुकानांत जाऊन ‘सर्वांत जोरकस मोटर कोणती?’ असें विचारूं नये. आधीं सर्व सरंजामासह विमानाचें वजन किती भरेल तें ठरवावें. शिकाऊ विमानास दर किलोमागें १५० ते २०० वॉट शक्ति पुरते. समजा, विमान ७०० ग्रॅमचें आहे. तर त्यास १०५ ते १४० वॉट लागतील. मधला आंकडा १२० धरूं. तीन सेलांच्या बॅटरीचा दाब ११.१ व्होल्ट, त्यानें १२० ला भागिलें म्हणजे सुमारें ११ अँपिअर येतात. मोटरीचा वेग आवरणारा जो नियंत्रक, ज्यास विक्रेते ‘ईएससी’ म्हणतात, तो मात्र २० अँपिअरचा घ्यावा. अगदीं काठावरचा घेतल्यास तो तापतो व एखाद्या दिवशीं जळतो. मग वांचविलेले पैसे दुपटीनें जातात.

मोटरीवर ‘१००० केव्ही’ असें लिहिलेलें असतें. हे किलोव्होल्ट नव्हेत. पंखा न लावतां दर व्होल्टास मिनिटाला हजार फेरे, एवढाच त्याचा अर्थ. हा आंकडा जितका मोठा तितकी मोटर उत्तम, अशी समजूत करून घेऊं नये. संथ उडणाऱ्या शिकाऊ विमानास हजाराच्या आसपासची मोटर व नऊ इंची पंखा हा जोड बरा. पंखा एका इंचानें वाढविला, तर तितक्याच फेऱ्यांवर मोटरीवरील भार सुमारें दीडपट होतो. म्हणून हौसेखातर मोठा पंखा चढवूं नये. उलट योग्य मापाचे पांच-सहा पंखे एकदम घेऊन ठेवावेत, कारण पडल्यावर पहिल्यानें मोडतो तो पंखाच.

बॅटरी १३०० मिलिअँपिअर-तासांची पुरे. पूर्ण जोरावर ती सात मिनिटें चालेल. पण पांचवा हिस्सा शिल्लक ठेवून उतरावें, म्हणजे साडेपांच मिनिटें धरावीं. उड्डाण बहुधा निम्म्या जोरावर होतें, त्यामुळें प्रत्यक्षांत वेळ याहून बराच अधिक मिळतो. एका मोठ्या बॅटरीपेक्षां अशा दोन लहान घ्याव्यात. जड विमान वेगानें उतरतें, आणि नवशिक्याचा घात होतो तो उतरतांनाच.

काटकसर कोठें करूं नये, तेंही सांगतों. चार्जर प्रत्येक सेल समतोल भरणाराच घ्यावा. रेडिओसंचही बरा पाहून घ्यावा; तो पुढील चार विमानांस उपयोगी पडतो. मोटर व नियंत्रक सर्वत्र मिळणाऱ्या मापाचे घेतले, म्हणजे बदली जिन्नस शोधीत फिरावें लागत नाहीं.

आतां घरांतील मातोश्रींच्या धास्तीविषयीं. ती मुळींच अनाठायीं नाहीं. लिथियम-पॉलिमर बॅटरी दुखावली किंवा प्रमाणाबाहेर भरली गेली, तर पेट घेते. ती गादीवर, पुस्तकांजवळ अथवा सर्व निजल्यावर भरूं नये. फरशीवर, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, १३०० ची बॅटरी १.३ अँपिअरनेंच भरावी. सुमारें तासाभरांत काम होतें. कोणताही सेल ४.२ व्होल्टांच्या वर जाऊं देऊं नये, तसाच ३.३ च्या खालीं उतरूं देऊं नये. आठवडाभर विमान उडणार नसेल, तर ३.८ वर ठेवावी. फुगलेली बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून वापरणें सर्वथा वर्ज्य. टेबलावर मोटर चालवून पाहतांना पंखा आधीं काढावा; वेगानें फिरणारा पंखा बोट कापतो. उड्डाणास माणसांपासून व विमानतळापासून दूरचें मोकळें मैदान निवडावें.

आमची पालकांस एकच सूचना आहे. मुलास पैसे देण्यापूर्वीं वजन, वॉट, व्होल्ट व अँपिअर यांचा हिशेब वहीवर मांडून आणावयास सांगावें, आणि तो आपण स्वतः समजून घ्यावा. हिशेब चुकला तर रागें न भरतां पुन्हां मांडावयास लावावा. कागदावरील चुकीस कांहींच खर्च येत नाहीं. विमानाचा तोल कोठें साधावा, हा विषय पुढील अंकीं घेऊं.