घरोघरचा रोग, वाड्यावरचा उपाय

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाच्या प्रमाणात गोव्याचा क्रमांक पहिला लागला. देशात दर शंभर प्रौढांमागे ११.४ मधुमेही, तर गोव्यात २६.४! साक्षरता आणि दरडोई उत्पन्न यांचा अभिमान बाळगणाऱ्या या राज्याला हे अग्रस्थान खचित भूषणावह नाही.

मधुमेह व रक्तदाब हे चोरपावलांनी येणारे रोग आहेत. रुग्णाला काही जाणवण्यापूर्वीच ते डोळे, हृदय, मूत्रपिंड पोखरू लागतात. पेडणे वा डिचोली तालुक्यातला कष्टकरी दुखणे अंगावर काढतो आणि पायाची जखम चिघळली वा अर्धांगाचा झटका आला म्हणजे म्हापशाची किंवा बांबोळीची वाट धरतो. तोवर पुष्कळसे हातचे गेलेले असते. पेडणे, कासारवर्णे, डिचोली, साखळी येथे आरोग्य केंद्रे आहेत. वानवा आहे ती केंद्र आणि घराचा उंबरठा यांना जोडणाऱ्या दुव्याची.

२००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 'आशा' ही गावातलीच कार्यकर्ती देशभर उभी केली. गोव्याने मात्र ती योजना दीर्घकाळ स्वीकारली नाही. अन्यत्र ही कार्यकर्ती तिशी ओलांडलेल्यांच्या घरी जाऊन वय, तंबाखू, मद्य, कंबरेचा घेर, शारीरिक श्रम आणि घराण्यातील रोग यांची विचारपूस करते व ज्यांना धोका अधिक, त्यांना तपासणीस आधी पाठविते. हे काम गोव्यात अंगणवाडी सेविकांच्या आधीच वाकलेल्या पाठीवर लादणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. वाड्यावाड्यांतून स्वतंत्र कार्यकर्त्या निवडल्या पाहिजेत.

अल्पशिक्षित बाई रोग काय ओळखणार, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी दिलेले आहे. निरक्षर स्त्रियांनाही त्यांनी आरोग्यसेविका बनविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी केले. खुद्द गोव्यात 'संगत' संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांना नैराश्यग्रस्तांच्या सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसविले. सरकारी केंद्रांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे २०१० साली जगापुढे आले. निदान डॉक्टरनेच करावे; धोका हेरणे, औषध चुकू न देणे आणि मीठ, साखर, तंबाखू यांविषयी शेजारणीच्या जिव्हाळ्याने सांगणे हे काम शेजारीणच उत्तम करील.

मात्र दोन दिवसांचे शिबिर, एक प्रमाणपत्र आणि वृत्तपत्रातले छायाचित्र म्हणजे प्रशिक्षण नव्हे. रक्तदाब अचूक मोजण्याचा सराव वारंवार व्हावा, उपकरणे वेळोवेळी तपासली जावीत, कार्यकर्तीला वेळेवर मानधन मिळावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिने पाठविलेल्या रुग्णाला केंद्रात डॉक्टर आणि महिनोन्‌महिने अखंड औषध मिळालेच पाहिजे. रोग दाखवून औषध न देणारी व्यवस्था लोकांच्या मनात धास्ती तेवढी पेरते, आणि त्याचा दोष वाड्यावरच्या त्या बाईच्या माथी येतो.

२०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून शासनाने इस्पितळातील उपचारांसाठी कुटुंबामागे लक्षावधी रुपयांची हमी दिली. ती स्वागतार्हच होय. परंतु रोग बळावल्यावर थैली मोकळी करणाऱ्या शासनाने रोग हेरणाऱ्या हातांना चार पैसे देताना हात आखडू नये. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतूनच या कामाचा प्रारंभ व्हावा.